केंद्रातून विद्यापीठाकडे

दरवर्षी पदवी परीक्षेचे निकाल लागले की दोन-चार विद्यार्थी माझ्याकडे येतात आणि थोड्याफार फरकाने एकच प्रश्न विचारतात : ‘सर, एम. ए. साठी जवळच्या केंद्रात नाव घालू, की थेट मुख्य विद्यापीठात जाऊ?’ प्रश्न साधा असतो, पण विचारताना आवाजात संकोच असतो. केंद्रात जाणे म्हणजे कोठेतरी कमी पडणे, अशी समजूत त्या प्रश्नामागे असते. पैशांची अडचण, आईचे आजारपण, शेतीची कामे ही खरी कारणे असतात; पण मुले ती सांगत नाहीत. ‘तिकडे जमेलसे वाटत नाही’, एवढेच म्हणतात.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने मात्र स्पष्टच विचारले, ‘केंद्रात शिकलेल्याला पुढे कोणी विचारते का हो, सर?’ मी तिला अभ्यासक्रम, शिष्यवृत्ती, बसची सोय यांविषयी पुष्कळ काही सांगितले. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही. मी स्वतः अशाच एका केंद्रातून आलो आहे, हे ते वाक्य होते. ते माझ्या तोंडून का बाहेर पडले नाही, याचा विचार करता करता हा लेख तयार झाला आहे. त्यात थोडा इतिहास आहे, थोडा अनुभव आहे, आणि विद्यार्थी मित्रांना उपयोगी पडतील अशा काही सूचना आहेत.

१. केंद्रे कशी निर्माण झाली?

विद्यापीठ म्हटले की मोठे आवार, घड्याळाचा मनोरा आणि भव्य ग्रंथालय डोळ्यांपुढे येते. परंतु आपल्याकडील विद्यापीठांचा आरंभ असा झालेला नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हे त्याचे काम. शिकवणे हे महाविद्यालयांचे काम. विद्यापीठाने स्वतः शिकवावे हा विचार रुजायला पुढे अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली तेथे समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तो १९१९ साली. म्हणजे ज्याला आपण ‘मुख्य’ म्हणतो, तेच कित्येक वर्षे वर्गाविना चालले होते.

आपल्या बेळगावची गोष्ट घ्या. लिंगराज कॉलेज १९३३ साली निघाले आणि राणी पार्वतीदेवी कॉलेज १९४५ साली. दोन्ही महाविद्यालये त्या वेळी मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. येथला विद्यार्थी येथेच शिकत असे, पण त्याची पदवी मुंबईची असे. १९४९ साली कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाले. त्याची कचेरीसुद्धा प्रथम मुंबईतच होती. १९५० साली ती धारवाडला आली. धारवाड, बेळगाव, विजापूर आणि कारवार हे तेव्हाच्या मुंबई राज्यातील कन्नड जिल्हे त्याच्याकडे आले. पदवी शिक्षण जिल्ह्याच्या गावी मिळू लागले होते. पदव्युत्तर शिक्षणासाठी मात्र धारवाड गाठावे लागे. ज्याला वसतिगृहाचा खर्च झेपे तो जाई. ज्याला झेपत नसे तो बी. ए. नंतर शाळेत मास्तर होई किंवा कचेरीत कारकून. मुलींच्या बाबतीत तर बहुतेक वेळा प्रश्नच निर्माण होत नसे, कारण घरी तो विचारण्याची सोय नव्हती.

ही अडचण दूर करण्यासाठी विद्यापीठांनी मुख्य ठिकाणापासून दूर अशी पदव्युत्तर केंद्रे काढली. म्हैसूर विद्यापीठाने १९६८ साली मंगळूरला केंद्र काढले. कर्नाटक विद्यापीठाने १९७० साली गुलबर्ग्याला काढले. त्याच सुमारास हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे केंद्र वरंगळला सुरू झाले. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यानंतर तेथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडली गेली आणि पणजीला त्या विद्यापीठाचे पदव्युत्तर अध्यापन व संशोधन केंद्र उभे राहिले.

या केंद्रांचे पुढे काय झाले, ते लक्षात घेण्यासारखे आहे. वरंगळचे केंद्र १९७६ साली काकतीय विद्यापीठ झाले. गुलबर्गा आणि मंगळूर ही दोन्ही केंद्रे १९८० साली स्वतंत्र विद्यापीठे झाली. पणजीच्या केंद्राच्या पायावर १९८५ साली गोवा विद्यापीठाचे काम सुरू झाले. आणि बेळगावजवळ भूतरामनहट्टी येथे कर्नाटक विद्यापीठाचे जे केंद्र होते, त्याचे २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. परदेशातही असेच आढळते. आज जगभर नावाजलेले लॉस एंजेलिसचे विद्यापीठ १९१९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाची ‘दक्षिण शाखा’ म्हणून सुरू झाले, आणि आरंभी तेथे पदवीच्या पहिल्या दोनच वर्षांचे शिक्षण मिळत असे. पुढच्या वर्षांसाठी तेथील विद्यार्थ्याला बर्कलेची वाट धरावी लागे. ते सगळे विद्यार्थी कमी प्रतीचे होते असे आज कोणी म्हणणार नाही.

२. तीन कपाटांचे ग्रंथालय

आता माझा अनुभव. मी ज्या केंद्रात शिकलो त्याचे नाव येथे लिहीत नाही, कारण जे सांगायचे आहे ते एकट्या त्याचे नाही. काळ १९८० नंतरचा. विषय इतिहास. आमच्या वर्गात आम्ही अकरा जण. सहा मराठी, पाच कन्नड. ग्रंथालय म्हणजे एका खोलीत आमच्या विषयाची तीन कपाटे. पहिल्याच दिवशी मी ती पाहून नाराज झालो. ते आमच्या सरांच्या लक्षात आले असावे. ते म्हणाले, ‘कपाट लहान आहे, म्हणजे ते पुरे वाचून होईल.’ मला तो विनोद वाटला. पण दोन वर्षांत मी ती तिन्ही कपाटे खरोखरच वाचून काढली. ज्या पुस्तकांची मला गरज नव्हती तीही वाचली, कारण दुसरी नव्हतीच. जमीन महसुलाच्या पद्धतींवरचे एक रटाळ पुस्तक मी केवळ पावसाळ्यात बाहेर पडता येईना म्हणून वाचले. पुढे संशोधनाला तेच सर्वांत अधिक उपयोगी पडले.

सर दर आठवड्याला एक निबंध लिहून घेत. अकराच जण असल्यामुळे कोणाचा निबंध आला नाही हे त्यांना न मोजताच कळे. तांबड्या शाईने भरलेले कागद सोमवारी परत मिळत. ‘हे तुम्हांला कसे कळले?’ हा त्यांचा नेहमीचा शेरा. समासात तो पाच-पाच वेळा असे. संध्याकाळी चहाच्या टपरीवर तेच पुन्हा विचारीत. मोठ्या ठिकाणी मागच्या बाकावर बसून विद्यार्थी दोन वर्षे काढू शकतो. आमच्याकडे मागचे बाकच नव्हते.

भाषेचेही तसेच झाले. गावात मराठी मुलांचा वेगळा कट्टा आणि कन्नड मुलांचा वेगळा, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. केंद्रात अकरा जणांत दोन कट्टे करणे शक्य नव्हते. एकच खाणावळ होती, आणि टिपणे एकाची दुसऱ्याला घ्यावी लागत. ‘ऊटा आत्री?’ एवढ्यावर असलेले माझे कन्नड वर्षअखेरीस भांडता येण्याइतके झाले. बैलहोंगलकडचा एक मित्र माझ्याकडून मोडी शिकला. माझ्या आजोबांच्या संग्रहातले जुने कागद हा आमचा धडा. तो मला आपल्या गावच्या जत्रेला घेऊन गेला. तेथे रात्रभर गीगी पदे चालली होती. डफाच्या तालावर संगोळ्ळी रायण्णाची कथा गायली जात होती, आणि म्हातारी माणसे डोळे पुसत ऐकत होती. मी ते ऐकले, मला आवडले, आणि पहाटेच्या बसने परत येऊन मी नेहमीप्रमाणे टिपणे पाठ करू लागलो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे माझ्या मनातही आले नाही.

येथे केंद्राची मर्यादा सांगितली पाहिजे. एकच शिक्षक, एकच टिपण, आणि ओळखीचीच अकरा माणसे. सर जे म्हणतील त्याला उत्तर देणारा दुसरा कोणी विद्वान तेथे नव्हता. ‘कसे कळले?’ असे ते आम्हांला विचारीत. आम्ही त्यांना उलट कधी विचारले नाही. त्यांचे मत म्हणजे इतिहास, असे आम्ही धरून चाललो. यात सरांचा दोष नव्हता. लहान जागी एक आवाज मोठा वाटतो.

३. धारवाडचे पहिले सत्र

एम. ए. झाल्यावर मी एम. फिल. साठी धारवाडला गेलो. बेळगावहून धारवाडला जाताना वाटेवर कित्तूर लागते. मी माझ्या पहिल्या चर्चासत्रासाठी कित्तूरचाच विषय निवडला होता, त्यामुळे खिडकीतून तिकडे पाहताना विषय आपल्या मालकीचा आहे असेच मला वाटत होते.

पावटेनगरच्या आवारात पहिले काही दिवस मी केवळ चालत राहिलो. ग्रंथालयात शिरलो तेव्हा कोणत्या कपाटापासून आरंभ करावा हेच कळेना. तीन कपाटे वाचणारा माणूस शेकडो कपाटांपुढे उभा राहिला की त्याला आनंद होतो असे आपण समजतो. मला भीती वाटली. आवारातच १९३९ साली स्थापन झालेली कन्नड संशोधन संस्था होती. तेथे शिलालेख पाहत तासन् तास उभी राहणारी माणसे मी प्रथमच पाहिली. गावाविषयी ऐकले होते ते निराळेच. घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे ज्या गावात कन्नडचे महाकवी झाले, आणि आपल्या मराठीचे कथाकार जी. ए. कुलकर्णी यांनी जेथे वर्षानुवर्षे महाविद्यालयात इंग्रजी शिकवले, ते हे धारवाड. तेथे दोन भाषा असणे ही अडचण मानली जात नव्हती.

चर्चासत्राचा दिवस आला. १८२४ साली कित्तूरच्या संस्थानिकाच्या मृत्यूनंतर इंग्रजांनी दत्तक नामंजूर केला. २३ ऑक्टोबर रोजी झालेल्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. डिसेंबरात किल्ला पडला. राणी चन्नम्मा १८२९ साली बैलहोंगलच्या कैदेत वारली. रायण्णाला १८३१ साली नंदगडला फाशी दिले. हे सगळे मी बिनचूक सांगितले. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी शांतपणे विचारले, ‘हे सारे इंग्रजांच्या पत्रव्यवहारावरून झाले. कित्तूरच्या माणसांना काय वाटले, ते कोठे शोधाल?’ मी गोंधळलो आणि म्हणालो, ‘आमच्या सरांच्या टिपणात एवढेच होते.’ खोलीत हशा पिकला. कोणीतरी विचारले, ‘एम. ए. कोठून केलेत?’ मी माझ्या पदवी महाविद्यालयाचे नाव सांगितले. केंद्राची दोन वर्षे मी एका वाक्यात पुसून टाकली.

त्यानंतर चार महिने मी ते नाव कोठेच घेतले नाही. सरांचे एक पोस्टकार्ड आले, ‘चर्चासत्र कसे झाले? लिहावे.’ मी लिहिले नाही.

पुढे तो बैलहोंगलचा मित्र एका मुलाखतीसाठी धारवाडला आला आणि रात्री माझ्या खोलीवर राहिला. झोपण्यापूर्वी तो त्या जत्रेतले पद सहज गुणगुणत होता. मी उठून बसलो. कित्तूरच्या माणसांना काय वाटले, याचे एक उत्तर मी दोन वर्षांपूर्वीच रात्रभर बसून ऐकले होते. ते समजण्यापुरते कन्नड मला केंद्रानेच दिले होते. त्या काळचे या भागातील पुष्कळ दप्तर मोडीत आहे आणि मला मोडी येते, हेही मी चर्चासत्रात सांगू शकलो असतो. माझ्याजवळ सामान होते. ते सामान आहे हे मला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी त्या ज्येष्ठ प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि पुढचा धडा दिला. पद हा घटनेचा पुरावा नव्हे. तो आठवणीचा पुरावा आहे. ते केव्हा रचले, कोण गात होते, कोणासमोर गात होते, काळाच्या ओघात त्यात काय मिसळले, हे तपासले पाहिजे आणि कागदांशी ताडून पाहिले पाहिजे. हे मला केंद्रात कोणी सांगितले नव्हते. ते सांगण्यासाठी वेगवेगळ्या मतांची दहा माणसे एका ठिकाणी असावी लागतात. ती धारवाडला होती. पुढच्या चर्चासत्रात ‘कोठून आलात?’ असे कोणी विचारले नाही. मीच आरंभी केंद्राचे नाव घेतले आणि मग विषयाला सुरुवात केली.

४. विद्यार्थ्यांसाठी काही सूचना

या अनुभवावरून मला जे सुचते ते थोडक्यात मांडतो.

केंद्रात आरंभ करणाऱ्याने पहिली गोष्ट ही करावी, की तेथील लहानपणाचा पुरेपूर फायदा घ्यावा. शिक्षक जवळ आहेत तर त्यांच्याकडून आपले लेखन तपासून घ्यावे. ही संधी पुढे पुन्हा मिळेलच असे नाही. ग्रंथालय लहान असेल तर ते पुरे वाचावे. आज संगणकावर आणि मोबाइलवर पुस्तकांचा डोंगर उपलब्ध आहे, पण जे संपवता येते ते संपवण्याची सवय त्या डोंगरातून लागत नाही.

दुसरी गोष्ट, शिक्षकांच्या टिपणापलीकडचे एक तरी निराळे मत प्रत्येक विषयावर मुद्दाम शोधावे. आपल्या शिक्षकांनाही नम्रपणे विचारावे, ‘सर, हे तुम्हांला कसे कळले?’ चांगल्या शिक्षकाला त्याचा राग येत नाही.

तिसरी, वर्षातून दोन-तीन वेळा तरी मुख्य विद्यापीठात जावे. तेथील ग्रंथालयात एक दिवस काढावा, एखादे व्याख्यान ऐकावे. म्हणजे पुढे तेथे गेल्यावर माझी झाली तशी घाबरगुंडी होणार नाही.

चौथी, मुख्य आवारात गेल्यावर पहिले सत्र जड जाणारच हे धरून चालावे. तेथे आपण गैरहजर राहिलो तर कोणी विचारीत नाही. ते स्वातंत्र्य आहे आणि तोच धोकाही आहे. पहिल्याच महिन्यात आपले लेखन दाखवता येईल असे एक तरी माणूस शोधावे.

पाचवी, आपल्या परिसरातून जे आले आहे, म्हणजे दुसरी भाषा, घरचे कागद, गावची गाणी, शेतीचे शब्द, ते अभ्यासाबाहेरचे समजू नये. ते कसे तपासावे आणि कसे वापरावे, हे विचारण्यासाठीच मोठ्या विद्यापीठात जायचे असते.

अध्यापक बंधुभगिनींनाही एक विनंती आहे. केंद्रातून आलेला विद्यार्थी पहिल्या चर्चासत्रात अडखळला, तर त्याला विषय येत नाही असा निष्कर्ष लगेच काढू नये. पुष्कळदा त्याला उत्तर ठाऊक असते. ते उत्तर आहे एवढेच त्याला ठाऊक नसते.

५. राहिलेले उत्तर

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येतो. चर्चासत्रात मी केंद्राचे नाव घेतले खरे, पण पुढे नोकरी लागल्यावर जुनी सवय परतली. सभा-संमेलनांत माझा परिचय करून देण्यासाठी जो कागद मी देत असे, त्यात ‘धारवाड येथे उच्च शिक्षण’ एवढेच असे. ते खोटे नव्हते. पुरते खरेही नव्हते. तीस वर्षांहून अधिक काळ मी विद्यार्थ्यांच्या निबंधांवर ‘हे तुम्हांला कसे कळले?’ असा शेरा लिहीत आलो, आणि तो शेरा कोणाचा हे एकदाही सांगितले नाही. सरांच्या त्या पोस्टकार्डाला मी अखेर उत्तर लिहिले, पण फार उशिरा, आणि त्यात चर्चासत्राची खरी हकीकत नव्हती. ती सांगायला मी एखाद्या सुट्टीत जाईन असे दरवर्षी ठरवीत राहिलो. सर आता नाहीत.

म्हणून त्या विद्यार्थिनीला, आणि यंदा तोच प्रश्न मनात घेऊन बसलेल्या सर्वांना, येथे सांगतो. मी केंद्रात शिकलो. तीन कपाटांच्या ग्रंथालयात आणि अकरा जणांच्या वर्गात शिकलो. त्याचा काही तोटा झाला, तो वर लिहिला आहे. फायदा झाला तोही लिहिला आहे. घरच्या अडचणीमुळे जवळच्या केंद्रात जावे लागत असेल तर खुशाल जा. तेथून पुढे मोठ्या विद्यापीठात जाण्याची इच्छा मात्र सोडू नका. आणि तेथे कोणी ‘कोठून आलात?’ असे विचारले, तर केंद्राचे नाव आधी सांगा.